पहिल्या गीतसंग्रहाचे स्वागत आणि समीक्षेची कसोटी : 'बहिणाबाईंची गाणी' ते खान्देशातील स्वतंत्र अहिराणी गीत

प्रास्ताविक

एखाद्या गीतकाराच्या पहिल्या संग्रहाचे स्वागत ज्या शब्दांत होते, त्या शब्दांनी त्याच्या पुढील वाचनाची दिशा पुष्कळ अंशी ठरते. पहिल्या प्रस्तावनेतील विशेषणे पुढे पाठ्यपुस्तकांत, प्रश्नपत्रिकांत आणि गौरवपर लेखांत उतरतात व कालांतराने ती समीक्षेची कसोटीच होऊन बसतात. पाश्चात्त्य देशांत आणि गेल्या काही दशकांत आपल्या महानगरांतही पॉप गायकवृंदाच्या पहिल्या अल्बमचे परीक्षण हा एक स्वतंत्र लेखनप्रकार झाला आहे. मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून निघालेल्या 'इंडी पॉप' अल्बमला तर अशा परीक्षणाचाच मुख्य आधार असतो. खान्देशात या लेखनप्रकाराला समांतर असे काय आहे, असा प्रश्न विचारल्यास पहिले उदाहरण १९५२ सालचे मिळते आणि ते एका पुस्तकाचे आहे. त्याच्या शीर्षकातच 'गाणी' हा शब्द आहे.

'बहिणाबाईंची गाणी' या संग्रहाचे स्वागत कोणत्या कसोटीवर झाले, त्या कसोटीने गाण्याचे कोणते अंग उजळले व कोणते झाकले गेले, आणि त्याच प्रदेशात आज मोठ्या प्रमाणावर निर्माण होणाऱ्या स्वतंत्र अहिराणी गीताच्या वाट्याला समीक्षा का आली नाही, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गाण्याला शब्द, चाल आणि प्रयोग अशी तीन अंगे असतात, हे गृहीत धरून पुढील विवेचन केले आहे.

१९५२ मधील स्वागत

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळील आसोदे या गावी झाला आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या जी गाणी रचून म्हणत, ती त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी आणि नातलग पीतांबर चौधरी यांनी टिपून ठेवली होती. कवयित्रीच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखविली. अत्रे यांनी त्या रचनांची तुलना अस्सल सोन्याशी केली, असे सांगितले जाते. त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ मध्ये संग्रह प्रसिद्ध झाला.

या घटनेतील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हा संग्रह मरणोत्तर असल्यामुळे कवयित्रीचा पहिला संग्रह हाच तिचा अखेरचा संग्रह ठरला. सामान्यतः पहिल्या संग्रहावरील मत दुसऱ्या संग्रहाच्या वेळी तपासले जाते. 'पहिल्यापेक्षा पुढे' किंवा 'पहिल्याचीच पुनरुक्ती' असा निर्णय देताना समीक्षकाला आपली कसोटीही दुरुस्त करावी लागते. येथे तशी संधीच नव्हती, त्यामुळे पहिल्या स्वागताला कायमच्या निर्णयाचे रूप आले.

तत्कालीन वाङ्मयीन वातावरणही या स्वागताला अनुकूल होते. बा. सी. मर्ढेकर यांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहाने नवकवितेचा वाद पेटविला होता आणि त्या कवितेवर अश्लीलतेच्या आरोपावरून खटलाही झाला होता. दुर्बोधतेविषयी तक्रार करणाऱ्या वाचकाला सुबोध, मातीतली आणि तरीही सखोल अशी कविता हवी होती. दुसरीकडे, साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या ग्रंथाद्वारे स्त्रियांच्या ओव्यांचे भांडार वाचकांसमोर आधीच ठेवले होते. गुरुजींची कर्मभूमी असलेल्या अमळनेर येथेच १९५२ चे मराठी साहित्य संमेलन कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. 'झेंडूची फुले' (१९२५) मधून कृत्रिम काव्यशैलीची विडंबने करणाऱ्या अत्र्यांना बहिणाबाईंच्या रचनेत त्या कृत्रिमतेचे उत्तर दिसले असल्यास ते स्वाभाविकच होय.

विस्मयाची कसोटी

या स्वागताचा स्थायीभाव विस्मय हा होता. निरक्षर शेतकरी स्त्री इतके तत्त्वज्ञान सांगते, याचे आश्चर्य हा त्यानंतरच्या बहुसंख्य लेखनाचा प्रारंभबिंदू ठरला. या विस्मयाने मोठे काम केले, हे मान्य केले पाहिजे. त्यामुळे खान्देशातील बोलीतली रचना मराठी कवितेच्या मुख्य प्रवाहात आली, शालेय पाठ्यपुस्तकांत स्थिरावली आणि २०१८ मध्ये जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्रीचे नाव मिळाले. १९९० मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाने एका निरक्षर स्त्रीचे नाव धारण करावे, ही घटना मराठी समाजाच्या दृष्टीने लहान नाही.

तथापि विस्मय ही समीक्षेची सुरुवात असू शकते, निष्कर्ष असू शकत नाही. 'शिक्षण नसतानाही' या शब्दप्रयोगात रचनाकौशल्य हे शिक्षणानेच येते, असे गृहीत धरलेले असते. ते कौशल्य निरक्षर व्यक्तीत दिसले की त्याला चमत्कार म्हणावे लागते, आणि चमत्काराचे विश्लेषण कोणी करत नाही. बहिणाबाईंनी आपली वाणी सरस्वतीची देणगी असल्याचे गाण्यात म्हटले आहे, ही गोष्ट या मताच्या पुष्ट्यर्थ वारंवार पुढे केली जाते. परंतु ग्रंथारंभी शारदेला वंदन करून कर्तृत्व तिच्याकडे सोपविण्याची प्रथा ज्ञानेश्वरांपासून मराठी कवितेत रूढ आहे. ज्ञानेश्वरांचे वंदन वाचून कोणी त्यांना कलाशून्य ठरवीत नाही. बहिणाबाईंच्या बाबतीत मात्र तोच संकेत शब्दशः घेतला गेला. वस्तुतः हा उल्लेख त्यांना काव्यपरंपरेचे संकेत श्रवणाने अवगत असल्याचा पुरावा मानता येतो.

रचनेतही कौशल्याच्या खुणा आहेत. अनेक गाण्यांचा पाया अष्टाक्षरी चरणाचा आहे. पहिल्याच चरणात एखादा शब्द दोनदा उच्चारून गाणे सुरू करण्याची पद्धत वारंवार आढळते. या द्विरुक्तीने विषय श्रोत्याच्या मनावर ठसतो आणि हाताच्या फेऱ्याशी ताल जुळतो. 'पेरनी', 'कापनी', 'रगडनी', 'उपननी' ही गाणी एकत्र वाचल्यास शेतीच्या हंगामाचा क्रम त्यांत बांधलेला दिसतो. 'घरोट' या गाण्यात जात्यातून पडणारे पीठ आणि पोटातून ओठांवर येणारे गाणे यांची सांगड घातलेली आहे. आपण गाणे रचतो आहोत आणि ते कसे रचले जाते, याची जाणीव या रचनेत आहे. 'नानाजीचा छापखाना' या गाण्यात अक्षरज्ञान नसलेली स्त्री जळगावातील छापखान्याकडे पाहते व छापण्याच्या क्रियेविषयी आपले मत बनविते. मुद्रणसंस्कृतीकडे बाहेरून पाहणारी ही दृष्टी म्हणजे अज्ञान नव्हे, तो एक विचार आहे. विस्मयाच्या भरात अशा स्थळांचा तपशीलवार अभ्यास मागे पडला.

या स्वागताला वात्सल्याचीही एक चौकट होती. संग्रह पुत्राने पुढे आणला आणि वाचकांनी तो 'कवीच्या आईची गाणी' म्हणून स्वीकारला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारित 'श्यामची आई' हा चित्रपट अत्रे यांनीच प्रेक्षकांसमोर आणला. दोन्ही कृतींचे मूल्य स्वतंत्रपणे मोठे आहे. तरीही त्या काळातील मराठी वाचक पुत्राच्या नजरेतून आईकडे पाहण्यास सरावलेला होता आणि या सवयीमुळे बहिणाबाईंच्या गाण्यांतील उपरोध, विनोद आणि जगाविषयीची रोखठोक नापसंती यांच्यापेक्षा त्यांतील सोशिकपणाच अधिक अधोरेखित झाला, असे म्हणावयास जागा आहे.

बोलीच्या नावाचा प्रश्न

या स्वागतातील आणखी एक त्रुटी भाषेच्या नावाशी निगडित आहे. बहिणाबाईंची भाषा सरसकट 'अहिराणी' म्हणून ओळखविली जाते. वास्तविक ती जळगाव परिसरातील लेवा पाटीदार समाजाच्या बोलीला, म्हणजे लेवा गणबोलीला जवळची आहे. अहिराणीचे मुख्य क्षेत्र धुळे जिल्हा आणि त्याला लागून असलेला प्रदेश हे होय. 'ळ' च्या जागी 'य' येणे यांसारखी काही लक्षणे दोन्हीकडे आढळतात; परंतु अहिराणीतील षष्ठीचे 'ना-नी' हे प्रत्यय आणि 'शे' हे क्रियारूप बहिणाबाईंच्या रचनेचा पाया नाही. तेथे 'चा-ची' हेच प्रत्यय प्रामुख्याने येतात. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खान्देशीचा विचार भिल्ल बोलींच्या खंडात (१९०७) केला होता. त्यानंतर रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अहिराणीचे व्याकरण व कोश यांवर स्वतंत्र काम केले.

नावाचा हा घोळ किरकोळ वाटला तरी त्याचे परिणाम दोन्ही बाजूंना झाले. जळगावच्या बोलीला तिचे स्वतःचे नाव मिळण्यास उशीर झाला. आणि अहिराणीचा साहित्यिक मान बहिणाबाईंच्या नावे जमा झाल्यामुळे धुळे परिसरातील प्रत्यक्ष अहिराणी रचनेकडे पाहण्याची निकड समीक्षेला भासली नाही.

छापलेले गाणे आणि ऐकलेले गाणे

१९५२ चे पुस्तक 'गाणी' म्हणून आले, परंतु त्यात चाली नव्हत्या. कवयित्रीने ती कोणत्या चालीत म्हटली, त्या चाली लोकपरंपरेतील होत्या की तिने त्यांत बदल केले होते, याची नोंद पुस्तकाबरोबर वाचकांकडे आली नाही. परिणामी समीक्षेला तीन अंगांपैकी केवळ शब्द हे एकच अंग उपलब्ध झाले आणि 'गाणी' चा अर्थ मुकाट्याने 'कविता' असा करण्यात आला.

महाराष्ट्राने ही गाणी प्रत्यक्ष ऐकली ती इतरांच्या चालींत. अनंत माने दिग्दर्शित 'मानिनी' (१९६१) या चित्रपटात वसंत पवार यांनी त्यांतील काही गाणी संगीतबद्ध केली. पुढे यशवंत देव यांच्या संगीतात उत्तरा केळकर यांनी गायिलेली गाणी घरोघर पोचली. या चालींनी बहिणाबाईंना जो श्रोता मिळवून दिला तो पुस्तकाला एकट्याने मिळविता आला नसता. पण त्याबरोबर गाण्याचा प्रकारही बदलला. श्रम करताना स्वतःसाठी म्हटलेले गाणे वाद्यवृंदासह श्रोत्यांसाठी गायिलेले भावगीत झाले. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मानल्या आहेत. या विचारानुसार पाहिल्यास येथे एक रचना लोकसंगीताच्या कोटीतून जनसंगीताच्या कोटीत गेली. हे स्थित्यंतर दोष नव्हे. मात्र त्याची नोंद न करता चित्रपटातील चालीलाच 'खान्देशी गोडवा' म्हणणे ही समीक्षेची चूक ठरते.

तुलनेसाठी हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांच्या प्रकल्पाकडे पाहता येईल. त्यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या, त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले आणि गाणाऱ्या स्त्रियांची नावे व गावे नोंदविली गेली. येथे गाणे, आवाज आणि व्यक्ती यांची फारकत झाली नाही. बहिणाबाईंच्या काळी हे शक्य झाले नाही; आज मात्र ते न करण्यास कोणतेही निमित्त उरलेले नाही.

स्वतंत्र अहिराणी गीत आणि समीक्षेचे मौन

पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखवून दिले की, स्वस्त कॅसेटमुळे मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतील गीतांना बाजारपेठ मिळाली. खान्देशातील अहिराणी गीताचा पुढील प्रवास याच वाटेने, कॅसेटकडून तबकडीकडे आणि तबकडीकडून इंटरनेटकडे झालेला आहे. 'केसावर फुगे', 'हाई झुमका वाली पोर' यांसारखी गीते गेल्या काही वर्षांत खान्देशाच्या सीमा ओलांडून महाराष्ट्रभर लग्नाच्या वरातींत वाजली. सचिन कुमावत, विनोद कुमावत यांची नावे त्यामुळे दूरवर पोचली. मुंबईच्या मोठ्या कंपनीच्या मदतीवाचून, स्थानिक कलावंतांनी व स्थानिक बोलीत केलेली ही निर्मिती 'इंडी पॉप' या संज्ञेच्या अर्थात तंतोतंत बसते. कानबाईचा उत्सव, आखाजी आणि हळद या प्रसंगांची नवी गीतेही याच मार्गाने येत आहेत. पोटासाठी सुरतेला किंवा पुण्याला गेलेला खान्देशी माणूस ती ऐकतो. त्याच्या दृष्टीने ते बोलीशी राहिलेले नाते आहे.

एवढ्या मोठ्या निर्मितीवर महाविद्यालयीन वर्तुळात गंभीर लेखन जवळजवळ होत नाही. त्याची तीन कारणे संभवतात. पहिले कारण माध्यमाचे आहे. 'गारवा' किंवा 'आयुष्यावर बोलू काही' यांसारखे मराठी चित्रपटबाह्य संग्रह आले, तेव्हा आठ-दहा गाण्यांचा एक गुच्छ समीक्षकासमोर होता. कवीचे व संगीतकाराचे नाव मुखपृष्ठावर होते. आजचे अहिराणी गीत एकेकटे येते. 'पहिला संग्रह' असा क्षणच येत नसल्याने परीक्षणाचे निमित्तही येत नाही. दुसरे कारण अभिरुचीचे आहे. वरातीत वाजणारे ते उथळ, ही समजूत न तपासता स्वीकारली गेली आहे. तिसरे कारण मात्र १९५२ च्या स्वागतात आहे. खान्देशी गाणे म्हणजे निरक्षर मातेचे तत्त्वज्ञान, ही कसोटी एकदा रूढ झाल्यावर नाचण्यासाठी केलेले गाणे तिच्यात बसणे शक्यच नव्हते. एकाच्या वाट्याला विस्मय आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला प्रेक्षकसंख्येचा आकडा. या दोहोंपैकी कशालाही समीक्षा म्हणता येणार नाही.

येथे समीक्षेचा अर्थ कौतुक असा नाही. या गीतांपैकी पुष्कळांत ठेका एकसारखा आहे आणि यंत्राने घडविलेल्या ध्वनीखाली गायकाचा मूळ आवाज दबतो. स्त्री ही दागिना, पेहराव आणि चाल यांपुरतीच उरते. बहिणाबाईंच्या गाण्यात स्त्री पाहते आणि बोलते. येथे बहुधा तिच्याकडे पाहिले जाते. खान्देशी गाण्याच्या साठ-सत्तर वर्षांच्या प्रवासातील हा बदल सामाजिक अभ्यासाचाही विषय आहे. त्याच वेळी या गीतांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'हाई झुमका वाली पोर' या शीर्षकातच 'हाई' हे अहिराणी दर्शक सर्वनाम आणि 'झुमका वाली' ही हिंदीच्या वळणाची रचना शेजारी शेजारी नांदतात. दैनंदिन व्यवहारातील आजची अहिराणी अशीच मिश्र आहे. घरात बोली बोलण्यास संकोचणारी तरुण पिढी ती गाण्यातून उघडपणे उच्चारते, हा परिणाम कोणत्याही भाषासंवर्धन कार्यक्रमाने हेवा करावा असा आहे. दोष आणि गुण यांचा हा हिशेब मांडण्यासाठीच समीक्षेची गरज असते.

काही कसोट्या

या संदर्भात पुढील पाच कसोट्या उपयुक्त ठरतील. एक, गाण्याची बोली नेमकी कोणती आणि ती कितपत सातत्याने वापरली आहे. दोन, चाल परंपरेतील आहे, उसनी आहे की नवी आहे. तीन, गाणे कोणत्या प्रसंगासाठी आहे व त्या प्रसंगाला ते कितपत पुरे पडते. चार, बोलणारा कोण आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो कोण. पाच, गीतकार, संगीतकार, गायक व वादक यांची नावे नोंदविली आहेत काय. या कसोट्या 'बहिणाबाईंची गाणी' या संग्रहालाही लावता येतात, हे येथे महत्त्वाचे आहे. एकाच प्रदेशातील दोन गीतप्रकारांना दोन वेगळी मापे लावण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

हे काम होण्यास योग्य स्थळेही खान्देशातच आहेत. धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळाने कागदपत्रांचा संग्रह करून जतनाची परंपरा घालून दिली आहे. जळगावच्या विद्यापीठाला तर कवयित्रीचेच नाव आहे. मराठी, संगीत, समाजशास्त्र आणि जनसंवाद या विभागांनी मिळून इंटरनेटवरील अहिराणी गीतांची सूची करणे, प्रत्येक गीताची श्रेयनामावली नोंदविणे आणि गायक-गीतकारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, हे खर्चाच्या दृष्टीने अवघड नाही. इंटरनेटवरील गीत कायम राहील, अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. बहिणाबाईंच्या चाली टिपल्या गेल्या नाहीत याची खंत व्यक्त करणाऱ्या पिढीनेच आपल्या काळातील गाणी नोंदविली नाहीत, असा ठपका उद्या येऊ शकतो.

समारोप

'बहिणाबाईंची गाणी' या संग्रहाच्या स्वागताने एका थोर कवयित्रीला तिचे स्थान मिळवून दिले. परंतु त्या स्वागताने विस्मयाला कसोटीचे स्थान दिले, गाण्याची कविता केली आणि दोन बोलींतील भेद पुसट केला. त्याचा परिणाम म्हणून बहिणाबाईंच्या कारागिरीचा अभ्यास अपुरा राहिला आणि खान्देशातील आजचे स्वतंत्र गीत समीक्षेच्या कक्षेबाहेर पडले. सोपानदेवांची वही अत्र्यांच्या हाती गेली नसती, तर १९५२ चा संग्रह कदाचित निघालाच नसता. आजच्या अहिराणी गीतकाराकडे वही नाही, प्रस्तावनाकार नाही आणि परीक्षक तर नाहीच. खळ्यावर उपणणी करताना दाणा आणि भूस ही दोन्ही आधी सुपात घ्यावी लागतात. वरातीतल्या गाण्याला समीक्षेच्या सुपात घेण्याचे हे काम खान्देशातील अध्यापकांशिवाय दुसरे कोणी करील, अशी चिन्हे नाहीत.